तुम्ही विचारलंत म्हणून: रोज मिस्साला जाणारा माणूस नास्तिकांचं कशाला वाचतो?

हा प्रश्न मला चर्चच्या पायऱ्या उतरताना विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात. "सर, रोज सकाळी तुम्ही मिस्साला असता, रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेता. मग त्या युरोपातल्या नास्तिक तत्त्वज्ञांचे वाद कशाला वाचत बसता? श्रद्धा डळमळत नाही का?" आमच्या वसईत असं विचारणाऱ्यांना माझी खरोखरच काळजी असते. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

सुरुवात म्युनिकपासून करतो. १९ जानेवारी २००४ च्या संध्याकाळी तिथल्या कॅथलिक अकादमीत, मोजक्या निमंत्रितांपुढे, सत्तरी ओलांडलेली दोन माणसं बोलायला बसली. एक कार्डिनल जोसेफ रात्झिंगर. चर्चच्या श्रद्धासिद्धान्तांवर लक्ष ठेवणाऱ्या रोममधल्या खात्याचे ते प्रमुख होते आणि पुढच्याच वर्षी पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. दुसरे युर्गेन हाबरमास, जर्मनीतले मोठे तत्त्वज्ञ. एखाद्याला गाण्याचा कान नसतो, तसा आपल्याला धर्माचा कान नाही, असं ते स्वतःबद्दल सांगत.

विषय असा होता: लोकशाही राज्याला कायद्याच्याही आधीचा, नीतीचा असा काही पाया लागतो का?

या दोघांच्या दृष्टीनं हा प्रश्न नुसता पुस्तकातला नव्हता. एकाचा जन्म १९२७ चा, दुसऱ्याचा १९२९ चा. दोघांचं लहानपण हिटलरच्या राज्यात गेलं. रात्झिंगरांना तर शाळकरी वयात विमानविरोधी तोफखान्यावर नेमलं होतं. त्याआधीच्या प्रजासत्ताकाची घटना काही टाकाऊ नव्हती, तरी ती असताना हिटलर सत्तेवर आला. म्हणून १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीनं नवी घटना लिहिली तेव्हा पहिल्याच कलमाचं पहिलं वाक्य घातलं: माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे. त्यामागचं तत्त्व पुढे कोणत्याही बहुमतानं बदलता येणार नाही, अशी तजवीजही केली. पण ती तजवीज पाळणारी माणसं कुठून आणायची? ब्योकेनफोर्ड नावाच्या कायदेपंडितानं १९६७ मध्ये छापलेल्या निबंधात हे दुखणं एका वाक्यात पकडलं होतं. स्वातंत्र्य देणारं निधर्मी राज्य ज्या गोष्टींच्या आधारावर जगतं, त्यांची हमी ते स्वतः देऊ शकत नाही, असं त्यानं लिहिलं. म्युनिकची चर्चा या वाक्याभोवतीच फिरली.

आता मला त्या रात्रीचं जे मोलाचं वाटतं ते सांगतो. दोघांनीही आपापल्या घरच्यांना खडे बोल सुनावले. हाबरमास म्हणाले, लोकशाहीला धर्माची कुबडी लागत नाही, ती स्वतःच्या तर्कावर उभी राहू शकते. पण लगेच आपल्याच बाजूच्या लोकांना त्यांनी बजावलं, की श्रद्धावंतांच्या बोलण्यात तथ्य असूच शकत नाही असं धरून चालू नका. त्यांचं म्हणणं सर्वांना कळेल अशा भाषेत आणायचं कष्टाचं काम एकट्या श्रद्धावंतांवर टाकू नका, तुम्हीही हात लावा. उदाहरण त्यांनी बायबलातलंच दिलं. देवानं माणूस आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातली गोष्ट. तिचं भाषांतर होत होत 'सर्व माणसांची प्रतिष्ठा सारखी' हे तत्त्व हाती आलं, आणि या भाषांतरानं मूळ आशय वाचवला, असं त्यांचं म्हणणं.

आणि रात्झिंगर? धर्मालाही आजार जडतात, ते आजार भयंकर असतात, आणि बुद्धीनं धर्माची सफाई करत राहावी लागते, हे एका कार्डिनलनं सरळ सांगितलं. आजार बुद्धीलाही जडतात. अणुबॉम्ब तिनंच बनवला आणि आता ती माणसालाही बनवायची वस्तू समजू लागली आहे. चर्चचं जुनं हत्यार म्हणजे निसर्गनियमांचा युक्तिवाद: नीतीचे नियम निसर्गातच आहेत आणि ते बुद्धीनं कळतात. तेही बोथट झालंय, अशी कबुली त्यांनी दिली. युरोपची ख्रिस्ती श्रद्धा आणि युरोपची बुद्धी, दोन्ही साऱ्या जगाला आपोआप पटत नाहीत, हेही ते बोलले आणि तिथे त्यांनी हिंदू-बौद्ध परंपरांचा उल्लेख केला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

त्याच वर्षी युरोपीय संघाच्या नियोजित घटनेच्या प्रास्ताविकेत ख्रिस्ती धर्माचं नाव घालायचं की नाही यावरून मोठं रणकंदन माजलं होतं. शेवटी 'सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा' या शब्दांवर मिटलं. मला तो वाद पाटीवरचा वाटतो. म्युनिकमध्ये दोघं जण पायापर्यंत खणत गेले.

पण माझ्या हातून काही बदललं ते त्याहून जुन्या एका संवादामुळे. २८ जानेवारी १९४८ ला बीबीसी रेडिओवर फादर कॉपलस्टन हे येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा देवाच्या अस्तित्वावर वाद झाला. तो नीट वाचा. कॉपलस्टन आधी विचारतात, देव या शब्दाचा मी असा अर्थ घेतो, तुम्हाला चालेल? रसेल हो म्हणतात. मग कॉपलस्टन विचारतात, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का? रसेल म्हणतात, नाही, माझी भूमिका अज्ञेयवादी आहे, म्हणजे देव आहे की नाही हे कळत नाही अशी. समोरचा नेमका कुठे उभा आहे हे त्याच्याच तोंडून ऐकून घेतल्यावर मग वाद सुरू होतो.

मी माझ्या भाच्याला हे कधी विचारलंच नव्हतं. माझी बहीण कर्करोगानं गेली. त्यानंतर त्यानं चर्चला येणं सोडलं आणि मी चारचौघांत त्याला उपदेश केला. दोन वर्षं तो आमच्या दारात आला नाही. हा संवाद वाचल्यावर मीच त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "तुझं नेमकं म्हणणं काय आहे ते सांग. मी मध्ये बोलणार नाही." तो म्हणाला, "मामा, आईसाठी सगळ्यांनी नोव्हेना केली, नऊ दिवस प्रार्थना केली. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, देवाची इच्छा. ज्याची अशी इच्छा असते त्याच्याशी मला बोलायचं नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं चहा टाकला. आम्ही बराच वेळ बसलो.

आता तो रविवारी दुपारी येतो. गेल्या महिन्यात म्युनिकच्या भाषणांचं ते छोटं पुस्तक घेऊन गेला आणि परत आणून दिलं. देवाच्या प्रतिमेचं भाषांतर झाल्याचं जिथे म्हटलंय, त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात त्याचं बारीक अक्षर: "भाषांतर झाल्यावर मूळ प्रत लागते का?"

मी ते खोडलेलं नाही. त्याखाली माझं उत्तर लिहायला घेतलं. समास पुरेना, म्हणून आता पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहितोय.