२६ आठवडे संपले
सोमवारी बाळंतपणाची सुट्टी संपली आणि मी परत हिंजवडीच्या ऑफिसच्या बसमध्ये. निघताना बाळ माझ्या आईच्या कडेवर मजेत तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं, रडले ती मीच. भूमकर चौकात नेहमीचं ट्रॅफिक, त्यात अकराच्या मीटिंगमध्ये दुधाने कुर्ता ओला झाला, मग काय, ओढणी पुढे घेऊन बसले. २०१७ पासून कायद्यात आहे की ऑफिसात ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघर पाहिजे, दिवसातून ४ वेळा बाळाला बघायला जाता येतं, पण आमची एचआर म्हणते बघू. पंपिंग, म्हणजे बाळासाठी दूध काढून ठेवणं, स्टोअररूममध्ये, बंद पडलेल्या प्रिंटरशेजारी! घरी आले तर आई म्हणते, अगं वाटीभर पेज खाल्ली, तुझी आठवणसुद्धा काढली नाही. बरं वाटलं, आणि जरा रागही आला.