आमची वाटचाल : स्टॉर्म तोडली तिथून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काढीव माल, म्हणजे मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग, विकणारे पुष्कळ, पण सॅन स्टॉर्मचा दरवाजा हवा असला की माणूस आमचाच गाळा विचारत येतो. गोव्यात बनलेली ही दोन सीटची उघडी गाडी १९९८ ची. अंगाला पत्रा नाही, सगळं फायबर. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी.

पहिली स्टॉर्म मडगावहून ठोकलेली उचलली. दाजींचे निम्मे पैसे, माझे निम्मे. चेनपुलीवर इंजिन घेतलं आणि बोल्टला पाना लावला तर बसेना, तोंडं चांदणीची! दाजी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेले आणि टॉर्क्सचा सेट घेऊन आले. सुटलेला प्रत्येक बोल्ट त्यांनी वेगळ्या डबीत घातला, डबीवर नाव लिहिलं.

माल हलायला लागला आणि दोन गाळे सोडून बसणाऱ्याच्या डोळ्यांत आला. ‘यांच्याकडं चोरीच्या गाड्या फुटतात,’ असं त्यानं गिऱ्हाइकांच्या कानात घातलं. पोलीस आले, माल सील झाला. आमच्याकडं खरेदीची पावती होती, पण नोंदणी रद्द झाल्याचा कागद नव्हता. गाडी कायमची मोडीत निघाली की मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम. मूळ मालकानं कळवलंच नव्हतं. सात महिने शटर बंद. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दाजींनी मडगावच्या खेपा घालून कागद आणला तेव्हा सील निघालं. तो शेजारी आजतागायत एका शब्दानं चुकलो म्हणालेला नाही.

म्हणून सांगतो, काढीव माल घेताना चेसिस नंबर आणि रद्द नोंदणीची झेरॉक्स आधी मागा, भाव नंतर करा. फायबरच्या रंगाला भुलू नका. बोटाच्या पेरानं टकटक करा, आत चीर असेल तिथं आवाज बसका येतो. टायमिंग बेल्ट आणि ब्रेकचे होज काढीव कुणी फुकट दिले तरी घेऊ नका.

त्या सात महिन्यांत फोंड्याच्या एका डॉक्टरांनी डाव्या दरवाज्याचे पूर्ण पैसे आगाऊ पाठवले. ‘माल सुटला की धाडा,’ एवढंच म्हणाले. सील निघालं त्याच दिवशी दाजींनी दरवाजा गोधडीत गुंडाळला आणि फोंड्याच्या एसटीवर चढवला.