स्प्रेच्या बिलांत सापडलेला रिपोर्ट

आण्णांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दुसरी केमो होऊन नववा दिवस होता. संध्याकाळी म्हणाले, "काय नाय, जरा कसकस आलीय." थर्मामीटर लावला तर १०१.२. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. तेव्हा एवढा ताप दिसला तर सकाळची वाट बघायची नाही, हे आम्हाला बजावून सांगितलेलं. तासगावकडच्या आमच्या गावातून थेट मिरजेला गाडी काढली.

कॅज्युअल्टीत डॉक्टर मॅडमनी नाडी बघता बघता विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली? कुठे ॲडमिट होते? लघवीची नळी वगैरे?" मी बिनधास्त सांगितलं, "काही नाही." आपल्या डोक्यात आजार म्हणजे कॅन्सर, बाकी सगळं किरकोळ. बायकोनं मागून कोपर मारलं. खोकल्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पाकिटं, तीही दोनदा. आणि पहिल्या केमोआधी लघवी अडकली म्हणून दुसऱ्या दवाखान्यात आठ दिवस नळी होती. तिथला लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध चालतं ते सांगणारा? तो म्हणे घरीच कुठेतरी.

धाकट्या भावाला फोन केला. द्राक्षबागेच्या स्प्रेच्या बिलांच्या पिशवीत त्याला तो सापडला. व्हॉट्सॲपवर फोटो आला: क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि औषधांच्या नावांपुढे 'आर'ची रांग. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं मिळाला." एरवी अशा तापात जे औषध सुरू करतात, त्याच्याही पुढे आर होता. म्हणून थेट मेरोपेनेम हे वरचं अँटिबायोटिक लावलं. त्याआधी रक्ताचे दोन नमुने घेतले, एक दंडातल्या पिक लाईनमधून (शिरेत बसवून ठेवलेली नळी), एक दुसऱ्या हातातून. मी घाई करत होतो, "आधी औषध द्या की!" पण औषध गेल्यावर नमुन्याच्या बाटलीत जंतू वाढतीलच असं नाही. आणि लाईनमधल्या रक्तात दोन तास किंवा जास्त आधी वाढ दिसली, तर लाईनवरच संशय घेतात. दोन्ही नमुने दहा मिनिटांत झाले, तासाच्या आत औषध चालू.

न्यूट्रोफिल, म्हणजे त्या पांढऱ्या पेशींमधला जंतूंशी लढणारा मुख्य प्रकार, १८० आले. पाचशेच्या खाली धोका, ते किती दिवस खाली राहतात त्यावर तो आणखी वाढतो. जंतू बाहेरून आला असेल असं मला वाटत होतं. पण बहुतेक वेळा तो स्वतःच्याच आतड्यातला असतो. अँटिबायोटिकनं साधे मरतात, चिवट उरतात. केमोनं तोंड-आतड्याचं अस्तर सोलवटतं, तिथून ते रक्तात उतरतात. आण्णांचं तोंड तर आठवडाभर आलेलं होतं.

हे ऐकून आण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "म्हणजे द्राक्षावरच्या भुरी रोगासारखंच की. एकच औषध सारखं मारलं की ती ऐकत नाय." आम्ही डॉक्टरांकडून ऐकलेलं त्यांनी एका वाक्यात उरकलं.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला, रक्तात वाढ आहे. दोन्ही नमुन्यांत जवळजवळ एकाच वेळी, त्यामुळे लाईन वाचली. कुठलं औषध चालेल ते सांगणाऱ्या सेन्सिटिव्हिटीला आणखी दीड दिवस लागला. त्या दोन रात्री मी खुर्चीत काढल्या. बीपी एकदा ९० च्या खाली गेलं तेव्हा आयसीयूचा बेडही सांगून ठेवलेला. रिपोर्ट आला, तीच क्लेबसिएला. मेरोपेनेमपुढे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. तिसरी केमो पंधरा दिवस पुढे गेली. फाईलच्या पहिल्या पानावर आता बायकोच्या अक्षरात अँटिबायोटिकचं नाव, तारीख, किती दिवस घेतलं असं सगळं लिहिलेलं आहे, आणि तो फोटोतला रिपोर्ट मूळ कागदासकट मागे टाचलाय. बिलांची पिशवी भावाकडे दिली.