वळवाच्या दुसऱ्या दिवशी

सकाळी पावणेआठला फोन. "तुमचं सोलर बंद पडलंय. लवकर या, हिचं मशीन थांबलंय."

गुरुजींचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. निवृत्त गणित शिक्षक, तासगावच्या बाजूला गावाबाहेर घर. काकूंची फुप्फुसं कमजोर, दिवसाचे बरेच तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर मीच बसवलं होतं.

पीएम सूर्यघर योजनेतलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ही योजना आली आणि आम्हा बसवणाऱ्यांना बरे दिवस आले. पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे ६०,०००, तिसऱ्याला १८,०००. ७८,००० वर गाडी थांबते; पुढे दहा किलोवॅट बसवा, केंद्राचं अनुदान तेवढंच. म्हणून जो येईल त्याला आम्ही "तीनचंच घ्या" सांगतो. पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, लाईनला दिलेली आणि लाईनकडून घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर बसून सिस्टीम सुरू झाली की पैसे थेट बँकेत. गुरुजींचे जमा झाले तेव्हा त्यांनी दुकानावर पेढे पाठवले होते.

आदल्या रात्री वळीव असा कोसळला होता की रस्त्यात तीन ठिकाणी गाडी थांबवून फांद्या ओढाव्या लागल्या. पोचलो तर ऊन लख्ख. पॅनेल पावसानं धुऊन आरशासारखी चमकत होती. आणि खाली इन्व्हर्टरवर लाल दिवा. काकू पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, शेजारच्या सिलिंडरचा काटा खाली आलेला.

"ऊन आहे ना?" गुरुजी म्हणाले. "मग?"

बिघाड काहीच नव्हता, हीच अडचण. नेट मीटरवालं साधं सोलर लाईनच्या विजेवर डोळा ठेवून चालतं. लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे मी दिवसातून चारदा गिऱ्हाइकांना सांगायला हवं. सांगतो ते बिल किती कमी येईल एवढंच.

समोरच्या खांबावर वायरमन चढला होता. मी बोट दाखवलं. "त्याच्यासाठी, गुरुजी. आपलं सोलर चालू राहिलं तर वीज उलटी लाईनमध्ये जाईल. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे गेली तर ११,००० व्होल्ट होईल. तो हात लावतोय ती तार मेलेलीच असली पाहिजे."

ते बराच वेळ खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विहीर आमची, पाणी काठोकाठ, आणि रहाट चावडीवर."

यावर काय बोलणार? पोराला फोन करून दुकानातला घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या मागवल्या. मशीन साडेतीनशे वॅटचं. एक बॅटरी साडेतीन-चार तास काढते. पहिली उतरली की दुसरी जोडायची. बाकी घरात पंखासुद्धा लावू दिला नाही. मशीनची घरघर सुरू झाल्यावर काकूंनी डोळे मिटले, तेव्हा कुठे मी पाणी मागितलं.

दुपारी गुरुजी वही घेऊन बसले. पुरवणी हिशेब. हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतली तर लाईन गेल्यावरही ठरावीक वायरिंगवर वीज राहते, हे मी आता सविस्तर सांगितलं. आकडा ऐकून त्यांची पेन्सिल थांबली. आधीच्या सगळ्या खर्चाच्या जवळपास जात होता.

"यातल्या बॅटरीला सरकारचे किती?"

"या योजनेत काही नाही. अनुदान किलोवॅटवर आहे, साठवणीवर नाही."

त्यांनी ७८,००० च्या खाली शून्य लिहिलं आणि त्याला गोल केला. "हे जानेवारीत सांगितलं होतं का तुम्ही मला?"

'तुम्ही विचारलं नव्हतं' अगदी ओठांवर आलं होतं. पण सोलर घ्यायला आले तेव्हा "हिच्या मशीनला लाईटचा त्रास होतो" हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. ते मला लख्ख आठवलं.

"नाही," मी म्हणालो.

सव्वाचारला लाईट आली. इन्व्हर्टर काही मिनिटं लाईनचा अंदाज घेत थांबला, मग हिरवा झाला. मी बॅटऱ्यांच्या वायरी सोडायला वाकलो तर गुरुजींनी हात आडवा केला.

"त्या इथंच राहू देत. हप्त्यानं देईन."

"पुढच्या महिन्यात बघू, गुरुजी."

आतून काकूंचा आवाज आला, तुटक, दोन दमांत: "चहा... घेतल्याशिवाय सोडू नका त्यांना."