टीपी पडली तेव्हा: बडोद्याच्या वेशीवरच्या जमिनीचा अनुभव

गाव महापालिकेत गेलं की जमीन कापली जाते, असं आमच्याकडे अजूनही पुष्कळ जण धरून चालतात. हद्दवाढीनं इंचभरही जमीन जात नाही. जमीन कापते ती टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम: रस्ते-बागांसाठी प्रत्येकाच्या जमिनीचा काही भाग घेऊन उरलेली नव्या आखणीनं परत देतात. ती गाव शहराबाहेर असतानाही पडू शकते, कारण तिथे वुडा, म्हणजे बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण, स्कीम करतं. आमचा सर्वे नंबर शहराच्या पश्चिमेला आहे. दोन्ही प्रकार एकापाठोपाठ निस्तरावे लागले. कागद कोणत्या क्रमानं करायचे ते आधी कळलं असतं तर निम्मे हेलपाटे वाचले असते, म्हणून हे लिहितोय.

हद्दवाढीबद्दल थोडक्यात. महापालिकेची हद्द राज्य सरकार अधिसूचनेनं वाढवतं, ग्रामसभेच्या ठरावावर ते अडत नाही. 2020 च्या जूनमध्ये भायली, सेवासी, वेमाली, बिल अशी सात गावं बडोद्यात आली. फेब्रुवारी 2021 ला निवडणूक झाली ती मात्र 19 प्रभाग आणि 76 नगरसेवक अशीच, आधीच्याच आकड्यांवर. गावं वाढली, खुर्च्या तेवढ्याच. कडेचे प्रभाग फुगले. सरपंच हाकेच्या अंतरावर असायचा, आता चार नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिस. गावकऱ्यांचा राग निव्वळ वेऱ्यावरचा, म्हणजे करावरचा, नसतो तो यामुळे. पण दुसरी बाजूही खरी आहे: वेशीवर उंच इमारती आधीच उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचं सांडपाणी पंचायतीच्या आवाक्यातलं नव्हतं.

अधिसूचना निघाल्यावर पहिलं काम पंचायतीच्या दफ्तरातलं. आकारणी रजिस्टरचा प्रमाणित उतारा, वेरा भरल्याच्या जुन्या पावत्या आणि घर बांधताना पंचायतीनं दिलेली परवानगी, यांच्या सही-शिक्क्याच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा. दफ्तर एकदा हललं की रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूसच सापडत नाही. महापालिकेचा वेरा क्षेत्रफळावर लागतो, त्यात वापर, बांधकामाचं वय, मालक राहतो की भाडेकरू, हे सगळं मोजलं जातं. मोजायला माणूस येईल तेव्हा घरात कुणीतरी असावं. आमच्या शेजारचा गोठा गोदाम म्हणून लागला. जुना आकारणी उतारा होता म्हणून दुरुस्त झाला.

आता टीपी. हा खरा मामला.

कायदा 1976 चा, गुजरात टाउन प्लॅनिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट ॲक्ट. कलम 41 खाली इरादा जाहीर होतो. तो दिवस डायरीत लिहून ठेवा, कारण तुमच्या जमिनीची किंमत त्याच तारखेला गोठते. मग मालकांची सभा होते, भिंतीवर नकाशा लावतात, मुसद्दा, म्हणजे स्कीमचा मसुदा, प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. सरकारनं मुसद्दा मंजूर केला की रस्त्यांची जमीन प्राधिकरणाकडे जाते. त्यानंतर टाउन प्लॅनिंग ऑफिसर, म्हणजे टीपीओ, नेमला जातो. तो सुनावण्या घेऊन आधी प्रारंभिक आणि मग आर्थिक हिशोबाची अंतिम स्कीम करतो. यात एक तप सहज जातं.

सभेला जाताना हातात 30 मीटरची टेप आणि जुना मोजणी नकाशा असलेला बरा. निमंत्रण आलं नाही म्हणून घरी बसू नका. आखणी ताजी असते तेव्हा फायनल प्लॉट, म्हणजे कपातीनंतर तुम्हाला परत मिळणारा तुकडा, दहा मीटर सरकवणं सोपं असतं. टीपीओकडे गेल्यावर तेच काम अवघड होतं, कारण तुमचा सरकवला की शेजाऱ्याचा सरकतो. पुढे अपील आहे, पण ते मुख्यतः पैशाच्या बाबींसाठी.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वारसाईत. सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव, त्यामुळे नोटीस त्यांच्या नावानं निघते. वारसाईची नोंद घालायची तर पेढीनामा (वंशावळ), मरणाचा दाखला, जमिनीच्या नोंदींच्या ई-धरा केंद्रात अर्ज, मग नोंदीवर हरकती मागवणारी 135-ड ची नोटीस, आणि तिचीच मुदत 30 दिवस. म्हणजे हरकतीचा महिना सुरू झाल्यावर धावाधाव केली तर नाव चढेपर्यंत खिडकी बंद. पेढीनामा तर गाव पंचायतीत असतानाच करून घ्या. नंतर तलाटी-मंत्री उरत नाही आणि कुणाकडे जायचं यातच आठवडे जातात.

वाटणीचंही तसंच. चार भाऊ एकाच सर्वे नंबरात असतील आणि वहिवाट वेगवेगळी असली तरी कागदावर एकत्र असतील, तर चौघांना मिळून एकच फायनल प्लॉट पडतो. पुढे एकाला विकायचं असेल तर बाकी तिघांच्या सह्या. नोंदणीकृत वाटणी आणि गाव नमुना सहामधली फेरफार नोंद आधी झाली असेल तरच वेगळे प्लॉट मागता येतात. घरातला शब्द तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळ. सातबारा आणि मोजणी क्वचितच जुळतात. मोजणीत कमी भरलं तर कपात त्या कमी आकड्यावरून धरली जाते. डी. आय. एल. आर., म्हणजे जिल्ह्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आधी करून घेतली तर निदान वाद कशावर घालायचा ते कळतं.

एफ फॉर्म, म्हणजे स्कीममधला प्रत्येक प्लॉटच्या क्षेत्रफळाचा आणि पैशाचा तक्ता; त्यातली ओळ कशी वाचायची ते एकदा आकड्यांत मांडतो. दर हिशोबापुरते धरलेले आहेत. सातबाऱ्यावर 0-40-47, म्हणजे 4,047 चौ. मी., एक एकर. 40 टक्के कपात धरली तर फायनल प्लॉट 2,428 चौ. मी. कायद्यात या कपातीची फोड साधारण अशी आहे: रस्ते 15 टक्के, बागा-मैदानं 5, शाळा-दवाखान्यासारख्या सोयी 5, आणि प्राधिकरणानं विकून खर्च काढायला 15. मूळ जमिनीचा दर चौरस मीटरला 1,000 रुपये धरला तर किंमत 40,47,000. फायनल प्लॉटची विकास न धरता किंमत 24,28,000. फरक 16,19,000, हे तुमचं वळतर, म्हणजे भरपाई. इथवर वाचून लोक खूश होतात. पुढचे रकाने बघा. विकसित दर 2,500 धरला तर त्याच प्लॉटची किंमत 60,70,000, वाढ 36,42,000. तिच्या निम्म्यापर्यंत फाळा, म्हणजे तुमच्याकडून वर्गणी, घेता येतो: 18,21,000. त्यातून वळतर वजा, उरले 2,02,000, आणि ते तुम्हीच भरायचे. जमीन गेली ती गेलीच, वर दोन लाखांचं देणं. फसवणूक नव्हे, हिशोबच तसा आहे. म्हणून भांडायचं ते विकसित दरावर. प्लॉट आतल्या 12 मीटर रस्त्यावर टाकलाय आणि दर 24 मीटर रस्त्याचा लावलाय का, ते तपासा. आमच्या शेजारच्या नंबरात नेमकं हेच निघालं.

नकाशावर कांस कुठून जाते तेही बघा. बडोद्यात पावसाचं पाणी विश्वामित्रीला नेणाऱ्या नैसर्गिक ओढ्यांना कांस म्हणतात. भूखी, रूपारेल ही नावं जुन्या माणसांना पाठ आहेत. फायनल प्लॉट कांसेला लागून आला तर कागदावर क्षेत्रफळ पूर्ण असतं, पण कडेचं मोकळं अंतर सोडल्यावर बांधायला पट्टी उरते. आणि 2024 च्या ऑगस्टचा पूर पाहिल्यावर तिथे कोण बांधणार? तीच गत हाय टेन्शन लाइन आणि पाइपलाइनच्या पट्ट्यांची. शहराच्या या बाजूला कोयलीची रिफायनरी असल्यानं पाइपलाइन नकाशात शोधावीच. विहीर, बोअर, मोठी झाडं यांची भरपाई हरकतीतच मागायची, संख्या आणि फोटो जोडून.

हरकत गुजरातीत, एका पानावर लिहा. सर्वे नंबर, मूळ प्लॉट नंबर, फायनल प्लॉट नंबर, मागणी काय, कारण काय. एका अर्जात एकच मागणी. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आमचा पहिला अर्ज "मिळालाच नाही" असं ऐकावं लागलं. शिक्क्याची प्रत निघाली तेव्हा तो मिळाला.

सुनावणीनंतर पार्ट प्लॅन (तुमच्या प्लॉटपुरता नकाशा) आणि एफ फॉर्मची प्रमाणित नक्कल मागा. बिनखेतीला (जमीन बिगरशेती करायला) आणि रजाचिठ्ठीला (बांधकाम परवानगीला) हे दोन्ही कागद लागतात, झोनिंगच्या दाखल्याबरोबर. जमीन नव्या शरतीची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर प्रीमियम आधी भरावा लागतो, तो या हिशोबात कुठेच दिसत नाही. आणि नक्कल हातात आली की लगेच काउंटरवरच चारी बाजूंची मापं बेरजेनं तपासा. आमच्या पहिल्या पार्ट प्लॅनवर एक बाजू 31.50 ऐवजी 13.50 छापलेली होती.