नेमो कुठला?

रविवार, रात्री साडेअकरा

भाचा सुट्टीला आलाय. दुपारी ज्यूल व्हर्नचं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' पोटावर पालथं ठेवून विचारतो, "मामा, पाणबुडी वीस हजार लीग खोल जाते?" म्हटलं, कागद आण. तिथली एक लीग म्हणजे 4 किलोमीटर, म्हणजे झाले 80,000 किलोमीटर. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजारांच्या आसपास. तेवढं खोल गेलं तर पलीकडून बाहेर पडून अंतराळातच जायचं! ते अंतर आहे समुद्राखालून केलेल्या प्रवासाचं, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. त्याला हे पटलं. मग पुढचा प्रश्न, "आणि त्या पाणबुडीचा कॅप्टन नेमो कुठला?"

इथे मी अडकलो.

त्याच्या वयात मला हे उत्तर पाठ होतं: आपला! व्हर्नच्या नंतरच्या 'मिस्टीरियस आयलंड' कादंबरीत मरायच्या आधी तो स्वतःच सांगतो की तो बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, सत्तावन्नच्या उठावात सगळं गमावलेला. आमच्या वर्गात मी हे असं सांगत फिरायचो की जणू नेमो आमच्या चुलत घराण्यातला. बुंदेलखंड म्हणजे झाशी, झाशी म्हणजे राणीच्या सासरचे, मूळ कोकणातले नेवाळकर, म्हणजे नेमो जवळजवळ कोकणातलाच की! दक्कर हे नाव बुंदेलखंडात कुणाचं असतं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. (आईने ते 'ढेकर' असं वाचलं होतं.) शिवाय व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा भाचाही करून ठेवलंय. बुंदेलखंडचा राजा आणि म्हैसूरचा सुलतान, हे सोयरेपण कसं जुळवायचं ते ज्यूल व्हर्नच जाणे.

मोठेपणी कळलं की नेमो मुळात आपला नव्हताच. व्हर्नच्या डोक्यात होता एक पोलिश उमराव. 1863च्या उठावात रशियनांनी त्याचं कुटुंब मारलेलं, म्हणून तो त्यांची जहाजं बुडवतो. प्रकाशक हेत्झेल यांनी हात आखडता घेतला, कारण व्हर्नची पुस्तकं रशियातही खपायची. त्यांनी सुचवलं, शत्रू गुलामांचे व्यापारी कर. व्हर्न ऐकेना. शेवटी नेमोचा देशच गाळला गेला. 1869मध्ये कादंबरी मासिकात यायला लागली तेव्हा तो कुठलाच नव्हता. लॅटिनमध्ये 'नेमो' म्हणजे 'कोणी नाही'. हिंदी तो झाला तो पुढे 1874-75च्या त्या दुसऱ्या कादंबरीत. म्हणजे शत्रू रशियन चालत नाही, इंग्रज चालतो! हे वाचून थोडा खट्टू झालो होतो, खोटं कशाला बोलू.

पण संध्याकाळी भाच्याला उत्तर द्यायचं म्हणून पहिल्या कादंबरीतलं मन्नारच्या आखातातलं प्रकरण आठवत बसलो. नेमो पाणबुडीवरच्या पाहुण्यांना मोत्यांचे शिंपले दाखवायला पाण्याखाली नेतो. नारळाएवढा मोती दाखवतो, तोडत मात्र नाही, वाढू दे म्हणून. आणि वर पाहतो तर एक गरीब हिंदी पाणबुड्या, पायात दगड धरून बुडी मारतोय, पुन्हा वर, पुन्हा खाली, दर बुडीला मूठभर शिंपले. शार्क येतो. नेमो कट्यार घेऊन त्याच्यावर धावतो, स्वतःच खाली दबतो, शेवटी पाहुण्यांपैकी नेड लँडचा भाला शार्कला लागतो. माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवून नेमो निघून जातो. नंतर दुसऱ्या पाहुण्याला, गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापक अ‍ॅरोनाक्सला, म्हणतो की तो माणूस दडपलेल्यांच्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा.

हे लिहिताना दक्कर जन्मायचा होता! गंमत म्हणजे नेमो हिंदी असता तर हे वाक्य सरळ देशप्रेमाचं झालं असतं. कुठलाच नसल्यामुळे ते पोलंडचंही झालं आणि त्या पाणबुड्याचंही. अखेरीला तो एक युद्धनौका बुडवतो, मग खोलीत जाऊन एका बाईच्या आणि दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. जहाजाचा देश व्हर्न सांगत नाही. बाजाराची भीती प्रकाशकाला, फायदा कादंबरीला.

भाच्याला मात्र एवढंच म्हटलं, "आधी पोलंडचा, मग आपला." तो म्हणाला, "म्हणजे बदली झाली?" हो, तसंच म्हण.

मन्नारचं प्रकरण वाचून दाखव म्हटलं, तर त्याच्या प्रतीत ते अर्ध्या पानात उरकलंय. मोती आहे, शार्क आहे, आणि नेमोचं ते वाक्यच नाही. मुलांसाठी संक्षिप्त करताना नेमकं तेच कसं सुटलं? उद्या माळ्यावरची माझी जुनी प्रत काढायची. वाळवी लागलेली नसेल तर.