हायब्रीड फिल्टर बसवला तेव्हा

उन्हाळ्यात गावात कुरडया वाळत पडल्या की त्यांवर आमच्या धुराड्याची राख पडते, ही तक्रार ठरलेली. सोलापूरजवळच्या एका छोट्या कोळशाच्या पॉवर प्लँटात मी मेंटेनन्सला आहे. धुरातली राख धरायला जुना ईएसपी होता, म्हणजे विजेच्या भारानं राख ओढणारं यंत्र. तारा कणांना विद्युतभार देणार, प्लेटा ओढून घेणार, हातोडे झटकणार. पण आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के, गंधक कमी. अशा राखेचा थर प्लेटवर बसला की भार सोडत नाही, आणि धरलेली राख परत उडते. त्यात २०१५च्या डिसेंबरात धुरातल्या राखेची नवी मानकं आली. आमच्या वयाच्या युनिटला घनमीटरमागे फार तर ५० मिलिग्रॅम!

शेवटी हायब्रीड ठरलं, म्हणजे अर्धा ईएसपी, अर्धा कापडी फिल्टर. खोकं तेच, तारा-प्लेटांचा पहिला टप्पा, म्हणजे पहिलं फील्ड, तसंच ठेवायचं, मागची तीन उपसून तिथे गाळायच्या कापडी बॅगा टांगायच्या. बरीचशी राख पुढेच पडते, उरलेल्या बारीक राखेला भार मिळालेला असतो, त्यामुळे बॅगेवर ती भुसभुशीत बसते.

आमच्या फिटरचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. त्यानं पीपीएस नावाच्या कृत्रिम धाग्याची बॅग चिमटीत धरली न् म्हणाला, "साहेब, हे विणलेलं न्हाई. बुरणूस हाय बुरणूस." बरोबरच होतं, फेल्टच ते.

शटडाऊनचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. घाम आणि राख, बस्स.

खरी गंमत नंतर. युनिट चालू झालं आणि दोनच दिवसांत धुराड्यातली राख मोजणारा मीटर चढायला लागला. नव्या बॅगा फाटल्या? मग फॅनच्या ओढीत चमकणारी पावडर सोडली, युनिट थांबवलं आणि रात्री अतिनील टॉर्च घेऊन बॅगांच्या वरच्या कप्प्यात उतरलो. मिट्ट काळोख, आणि मधेच हिरवट कडी. एक, दोन... अकरा. एकही बॅग फाटलेली नव्हती. तोंडाची स्प्रिंगची कडी भोकात नीट बसलीच नव्हती, तिथून राख सुटत होती. शेवटच्या रात्रीची घाई, आणि ती आमचीच.

कड्या बसवल्या, मीटर उतरला. धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर मात्र वाढलेत; पूर्वी गॅसला प्लेटांमधून मोकळी वाट होती, आता कापडातून ओढायचंय.

उद्या पुन्हा लाइट-अप, म्हणजे बॉयलर पेटवायचा. आधी बॅगांना राखेचा हात द्यायचा, मगच ऑइल गन, म्हणजे पेटवायला तेलाचा फवारा. तेलाची काजळी कोऱ्या फेल्टमध्ये शिरली की कितीही हवा मारा, निघत नाही.